फ्रेझरच्या वाळूतला मणी

लेकीचं लग्न ठरलं त्याच आठवड्यात आमचं दोघींचं कडाक्याचं भांडण झालं, आणि कारण काय, तर सोनं. मी बँकेच्या लॉकरमधून माझ्या आईच्या पाटल्या काढून आणल्या होत्या. त्यातली एक मोडून लेकीच्या मंगळसूत्राला माहेरची वाटी करायची, हे मी ती शाळेत होती तेव्हापासून मनात धरून होते. आमच्याकडे मंगळसूत्राला दोन वाट्या असतात, एक माहेरची आणि एक सासरची. जावई इथलाच, कॅनडातला, गोरा. त्याच्या घरून वाटी येणार नाही हे मी केव्हाच मान्य केलं होतं. पण माहेर होतं ना अजून, चांगलं धडधाकट!

लेकीने पाटल्या हातातसुद्धा घेतल्या नाहीत.

"आई, आय डोन्ट वाँट गोल्ड," ती म्हणाली. "काळे मणी घालीन. आय लव्ह दोज. बट नो गोल्ड, प्लीज."

ती पाण्याच्या तपासण्या करणाऱ्या एका कंपनीत काम करते. बंद पडलेल्या खाणींच्या खालून वाहणारे ओढे असतात, त्यांच्यातून बाटल्या भरून आणायच्या आणि त्या पाण्यात कायकाय विष उतरलंय ते शोधायचं, हा तिचा रोजचा उद्योग. तिने मला एका दमात सगळं सुनावलं. एका अंगठीसाठी किती डोंगर फोडतात, किती पाणी नासतं, कुठल्या देशात कुणाची पोरं त्या चिखलात उभी असतात. मी ऐकत होते आणि आतून पेटत होते. माझ्या आईच्या हातातल्या पाटल्या समोर टेबलावर होत्या आणि ही मला चिखल दाखवत होती.

"यू डोन्ट इव्हन नो व्हेअर इट केम फ्रॉम," ती शेवटी म्हणाली.

"माझ्या आईकडून आलं."

"अँड बिफोर दॅट?"

त्याच्या आधी सांगलीच्या सराफाकडून. आणि त्याच्या आधी? मला काय ठाऊक! सोनं कुठून येतं हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडलाच नव्हता. सोनं सराफाकडून येतं, जसं दूध गवळ्याकडून येतं. पण उत्तर नाही म्हटल्यावर माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"मग कुठून आलं ते मला ठाऊक आहे असं सोनं आणलं, तर घालशील?"

"शुअर," ती हसून म्हणाली. "शो मी व्हेअर इट केम फ्रॉम, अँड आय विल वेअर इट."

नाही म्हणायची ती तिची गोड पद्धत होती, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. पण शब्द तिने दिला होता. लग्न पुढच्या जुलैत होतं आणि तेव्हा नुकता कुठे सप्टेंबर लागला होता. नवऱ्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि लॅपटॉप बंद केला. मी हट्टाला पेटले की घरात काय होतं ते त्याला पंचवीसएक वर्षांच्या अनुभवाने माहीत आहे.

सोनं शोधणाऱ्यांचा क्लब मला सापडला तो सरेतल्या, म्हणजे आमच्याच गावातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात. नळाचा वॉशर आणायला गेले होते, तिथे दाराजवळच्या फळ्यावर एक कागद लावलेला होता. हौशी लोकांचा क्लब, फ्रेझर नदीवर सहली, नवीन सभासदांचं स्वागत. वर एका माणसाचं चित्र, गुडघाभर पाण्यात उभा, हातात परात. मी वॉशर न घेताच घरी आले.

महिन्यातून एकदा एका कम्युनिटी हॉलमध्ये त्यांची मीटिंग भरायची. कॉफी, डोनट, घडीच्या खुर्च्या. बहुतेक सगळे निवृत्त झालेले गोरे पुरुष, डोक्यावर टोप्या, आणि प्रत्येकाच्या शर्टाच्या खिशात एक इवलीशी काचेची बाटली. आपल्याकडे माणसं नातवंडांचे फोटो काढून दाखवतात, तशी ही माणसं बाटल्या काढून दाखवत होती. बाटलीत पाणी आणि तळाशी सोन्याचे कण. हलवायचे, दिव्यासमोर धरायचे, परत खिशात. मी एकाला विचारलं, याचं पुढे काय करता? त्याला प्रश्नच कळला नाही. "ठेवतो," तो म्हणाला. अनेक वर्षं नदीत उभं राहून काढलेलं सोनं बाटलीत ठेवतो! अरे, ते काय लोणचं आहे मुरायला?

मी लेकीच्या लग्नासाठी आले आहे हे सांगितल्यावर सगळे छान हसले. एकाने प्रेमाने समजावलं की दुकानातून विकत घेतलंस तर कमी त्रासात होईल, आमचं सगळ्यांचं पेट्रोलच सोन्यापेक्षा जास्त जातं. मी म्हटलं, दुकानातलं चालणार नाही. त्यावर त्याने मान हलवली आणि मला सभासद करून घेतलं.

हॉलच्या कोपऱ्यात विक्रीचं टेबल होतं. चाळण्या, छोटी फावडी, आणि सोनं धुवायच्या पराती. त्या परातीला ते पॅन म्हणतात. पसरट, उतरत्या काठाची, काठाच्या आत पायऱ्यांसारख्या खाचा. सगळ्या पराती हिरव्या प्लॅस्टिकच्या. आता सोनं आणि प्लॅस्टिकमध्ये? मला ते बघवेना. टेबलाखाली एका खोक्यात जुन्या पद्धतीची एक लोखंडी होती, कोरी. मी ती घेतली. टेबलामागचा माणूस काहीतरी सांगायला लागला होता, पण मागे रांग होती आणि मला लोखंडी भांडं कसं वापरायचं ते कुणी शिकवायची गरज नव्हती. जन्म लोखंडी तव्यावर गेला आहे.

घरी आल्यावर नवा तवा जसा वापरात घेतात तशी मी ती परात वापरात घेतली. साबणाने घासली, गॅसवर तापवली, अर्धा कांदा तेलात बुडवून आतून बाहेरून चोळला, पुन्हा तापवली, पुन्हा चोळला. दोनतीन दिवस हे चाललं होतं. परात अशी काळीभोर, तुकतुकीत झाली की नवरा म्हणाला, "यावर आता घावन सुटतील." मलाही फार समाधान वाटलं.

पहिल्या रविवारी आम्ही दोघं पहाटेच निघालो. सरेतून पूर्वेला हायवे धरायचा, शेतं संपतात, डोंगर दोन्ही बाजूंनी जवळजवळ येतात, होप गाव येतं, आणि तिथून नदीच्या काठाकाठाने वर. क्लबने सरकारकडून नदीकाठचा एक तुकडा घेतलेला होता, तिथे सोनं शोधायचा हक्क फक्त सभासदांचा. त्याला क्लेम म्हणतात. दगडगोट्यांचा लांबलचक पट्टा, एका बाजूला करडं थंड पाणी, आणि दोन्ही काठांवरून तासातासाला जाणाऱ्या मालगाड्या. नियम मोजके होते. यंत्र आणायचं नाही, हातानेच खणायचं, आणि जाताना आपला खड्डा आपण बुजवायचा.

मला शिकवायला त्यांनी एका बाईंना जोडून दिलं. शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या, उंच, हाडापेराने मजबूत, आणि बोलायला फटकळ. मी मनात त्यांना बसवाल्या बाई म्हणत असे. त्यांनी वाळू कशी चाळायची, परात पाण्यात कशी धरायची, कशी गोल हलवायची ते दाखवलं, आणि मला हसूच आलं. हे तर रोळणं होतं! तांदूळ पाण्यात घालून हळूहळू हिंदकळत वरचे तांदूळ दुसऱ्या भांड्यात सोडायचे आणि खडे तळाशी राहू द्यायचे, हे मी लहानपणापासून करत आले होते. इथे फक्त वरचं फेकायचं आणि तळाचं ठेवायचं, एवढाच फरक. मी परात हातात घेतली आणि पाण्याशी बसून रोळायला लागले. बसवाल्या बाई बघतच राहिल्या. "यू हॅव डन धिस बिफोर," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, रोज संध्याकाळी.

तळाशी काळी वाळू उरली. लोखंडाच्या कणांची ही वाळू सगळ्यात जड, आणि सोनं असलं तर तिच्यातच असतं. बाईंच्या परातीत काळ्या वाळूच्या कडेला पिवळे ठिपके चमकत होते. क्लबमध्ये त्याला कलर म्हणतात. माझ्या परातीत काही नव्हतं.

पहिला दिवस म्हणून मी सोडून दिलं. दुसऱ्या रविवारी काही नाही. तिसऱ्या रविवारी बसवाल्या बाईंनी त्यांच्याच खड्ड्यातली वाळू मला बादलीभर दिली. त्यांच्या परातीत कलर, माझ्या परातीत नुसती काळी वाळू. ऑक्टोबर असाच गेला. काठावरून कुणीतरी हाक मारायचं, "एनी कलर?" आणि मी मान हलवायची. नंतर नंतर मला कुणी विचारेनासं झालं, आणि ते जास्त लागायचं. कधीकधी पाण्याच्या वर काहीतरी चमचमत निघून जाताना दिसायचं. मला वाटायचं अभ्रक असेल, जाऊ दे. सोनं जड, ते कशाला तरंगेल!

घरी लेक फोनवर विचारायची, "हाउज द गोल्ड, आई?" तिच्या बोलण्यात चेष्टा नव्हती, पण मला ती ऐकू यायची. नवरा गाडीत हीटर लावून बसायचा, अधूनमधून थर्मास घेऊन यायचा. एकदा म्हणाला, "एवढं खणून विहिरीला पाणी तरी लागलं असतं." मी त्याच्याशी होपपर्यंत बोलले नाही. मला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं. रोळण्यात माझी चूक नव्हती, हे मला पक्कं माहीत होतं, आणि तरीही सगळ्यांना मिळत होतं आणि मला नाही. एखाद्याच्या नशिबातच नसतं असं काठावरचा एकजण सहानुभूतीने म्हणाला, तेव्हा तर मी फावडं आपटलं. नशिबाला मध्ये आणू नका म्हटलं, मला वाळू द्या.

नोव्हेंबर संपत आला होता. रस्त्यावर विंटर टायर लागले होते, काठावरच्या डबक्यांना सकाळी बर्फाची साय धरायची. त्या दिवशी आम्ही तिघंचौघंच होतो. मी परात हिंदकळत असताना बसवाल्या बाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. ऊन तिरकं पडलं होतं. त्यांनी वाकून माझ्या परातीतल्या पाण्याकडे पाहिलं, मग बोटाने दाखवलं. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग होता.

"या पॅनला तू काय केलंस?" त्यांनी विचारलं.

मी अभिमानाने सांगितलं. तापवून, तेल लावून, कांद्याने चोळून, तीन दिवस.

त्या इतक्या मोठ्याने हसल्या की पलीकडचे दोघे खड्डे सोडून धावत आले. फ्रेझरचं सोनं म्हणजे पीठ. इतकं बारीक की तेलाचा नुसता हात लागला तरी ते बुडत नाही, पाण्यावर तरंगून काठावरून निघून जातं. म्हणून तर नवी लोखंडी परात आधी आगीत घालून तिचं सगळं तेलकटपण जाळून टाकायचं असतं. टेबलामागचा माणूस मला हेच सांगत होता. आणि मी? मी दर रविवारी सोनं काढत होते आणि स्वतःच्या हाताने ते पुन्हा नदीला सोडत होते. ते अभ्रक नव्हतं.

मी कपाळावर हात मारला. मग माझ्या लक्षात आलं की त्या हातालाही रविवारचं खोबरेल तेल लावलेलं आहे. थंडीत हात फुटतात म्हणून निघताना मी चांगलं चोळून यायची, केसांना लावलेलं वेगळंच. हे सांगितल्यावर तर बाई हसता हसता दगडावर बसल्याच. सगळे हसत होते, मीही हसले, पण मनात महिने मोजत होते. तीन महिने गेले होते. लग्नाला आठ उरले होते, आणि त्यातले बर्फाचे आणि पुराचे वगळले तर हातात फार थोडे.

त्याच दिवशी काठावर लाकडं पेटवून माझी परात आम्ही निखाऱ्यांत घातली. ती लालसर होईपर्यंत तापली, निळी पडली, मग बाईंनी चिमट्याने काढून ती नदीत बुडवली. चर्र असा आवाज झाला आणि तिचा तुकतुकीतपणा कायमचा गेला. भुरकट, उदास दिसायला लागली. मी त्याच वाळूची एक पाटी घेतली, हात भांड्यांच्या साबणाने कोपरापर्यंत धुतले आणि रोळलं. काळ्या वाळूच्या कडेला चार ठिपके होते. पिवळे. परात हलवली तरी जागचे हलत नव्हते. मी आनंदाने ओरडले आणि नवरा गाडीतून उतरून पळत आला, त्याला वाटलं मी पडले.

डिसेंबर आणि जानेवारीत बर्फामुळे वर जाता येईना, तर मी बेसमेंटमध्ये मोठ्या टबात पाणी भरून क्लबने दिलेली वाळू पुन्हा पुन्हा रोळत बसायची. हाताला तेल बंद, केसांना तेल बंद. बोटांना भेगा पडल्या. ऑफिसात कीबोर्डवर बोटं टेकली तरी झोंबायचं. लेक एकदा घरी आली तेव्हा तिने माझे हात पाहिले आणि म्हणाली, "आई, स्टॉप. आय वॉज जस्ट सेइंग." मी म्हटलं, तू नुसतं म्हणालीस, मी नुसतं ऐकलेलं नाही. जाताना बाथरूममध्ये एक हँडक्रीमची ट्यूब ठेवून गेली, ती मी उघडलीच नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी नदी सगळ्यात उतरलेली असते. वर्षभर पाण्याखाली असलेले दगड तेव्हा कोरडे पडतात आणि क्लबची खरी धांदल सुरू होते. मी एक जागा धरली. वळणाच्या आतल्या अंगाला म्हशीएवढा एक दगड होता, त्याच्या मागच्या अंगाला पुराचं पाणी मंद होऊन आपलं जड सामान टाकून जायचं. तिथे मी दर शनिवार-रविवार खणलं. नवऱ्याने लॅपटॉप घरी ठेवला आणि फावडं घेतलं. तो खणायचा आणि चाळायचा, मी रोळायची. दिवसभरात एकमेकांशी दहा वाक्यंही बोलत नसू, पण इतके जवळ आम्ही फार वर्षांत आलो नव्हतो, हे मला आता सांगायला हरकत नाही. गुडघे बोंबलायचे. पाणी इतकं गार की थोड्या वेळाने बोटं आपली आहेत हे कळेनासं व्हायचं. तरी बाटलीचा तळ पिवळा होत होता. चिमूटभर बारीक रव्यासारखं दिसायचं, हलवलं की जडपणे सरकायचं. मीटिंगमध्ये मीही खिशातून बाटली काढून दाखवायला लागले. लोणच्याबद्दल मी त्यांना काही बोलले नव्हते ते बरं झालं.

मे महिन्यात वरच्या डोंगरांतलं बर्फ वितळलं आणि नदी चढायला लागली. एका रविवारी गेलो तर माझ्या दगडाच्या पायाशी पाणी होतं, पुढच्या रविवारी नुसता माथा दिसत होता. संपलं. जे होतं ते बाटलीत होतं, आणि माझ्या अंदाजाने त्यात एक छोटीशी पोकळ वाटी नक्की होत होती.

सोनं वाळवून काळी वाळू लोहचुंबकाने काढायला मी बसवाल्या बाईंच्या गराजमध्ये गेले. पांढऱ्या कागदावर त्यांनी ते पसरलं, भिंग घेतलं आणि बराच वेळ बघत बसल्या. मग काडीने काही कण एका बाजूला सारायला लागल्या. बाजूला सारलेले कण पिवळे नव्हते, चंदेरी होते. "हे घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. जुन्या काळी सोनं मिळवायला आलेल्या लोकांनी नदीत पारा ओतला होता, सोनं धरायला. तो पारा अजून तिथेच आहे आणि काही कणांना चिकटून बसलेला आहे. हे वितळवायला घेतलं तर त्याची वाफ होते आणि ती वाफ विष आहे. बाजूला सारता सारता जवळजवळ अर्धं सोनं बाजूला गेलं.

मी बघत होते. गराजचं दार उघडं होतं, बाहेर कुणीतरी लॉन कापत होतं. माझ्या मनात आलं ते सांगते. ते चंदेरी कण उचलावेत, घरी जावं, कुणाला काही बोलू नये. वाटी झाली असती. सोनाराने चांगल्या हवेशीर जागी केलं असतं, असं मी स्वतःला सांगतसुद्धा होते. पण पाण्यातला नेमका हाच पारा शोधत माझी पोर ओढ्याओढ्यातून फिरते. तिच्या गळ्यात मी तो घालणार होते की काय? मी कागदाची बाजू दुमडली आणि ते कण बाईंच्या बरणीत ओतले. क्लब ती बरणी विषारी कचऱ्याबरोबर नीट पाठवून देतो. बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मी जरा रडले.

सरेतले सोनार पंजाबी, वयस्कर, बोलायला मृदू. बाटली हातात घेऊन त्यांनी मला दोनदा विचारलं, "ये आपने निकाला? खुद?" हो म्हटल्यावर त्यांनी आतून चहा मागवला. मग तराजूवर ठेवलं, मान हलवली. "बहनजी, इसमें वाटी नहीं बनेगी. मैं थोड़ा अपना सोना डाल देता हूँ. एकदम सुंदर बनेगी."

नवरा माझ्या कानाशी आला. "घालू दे की गं. कुणाला कळणार आहे?"

"मला," मी म्हटलं.

"नुसता मणी होईल."

"होऊ दे मणी."

सोनारांनी मुशीत सोनं घातलं, ज्योत धरली. पीठ पिठाला चिकटलं, लाल झालं, आणि एकाएकी त्याचा एक थेंब झाला, थरथरणारा. एवढं सगळं मिळून एक थेंब. माझ्या हातात आईच्या पाटल्या होत्या, लग्नाचं घर म्हणून मी त्या घालायला लागले होते. त्या थेंबाकडे पाहताना माझी नजर त्यांच्यावर गेली. दोन माणसांचा अख्खा हंगाम म्हणजे तो थेंब, तर माझ्या मनगटावर हे कितीजणांचं, कुठल्या नदीतलं, कुठल्या जमिनीखालचं? कुणाचे हात फुटले होते? आयुष्यात पहिल्यांदा मी तो विचार केला आणि मला त्याचा तळ लागला नाही.

मणी जोंधळ्याएवढा झाला. भोक पाडताना पडलेला कीससुद्धा त्यांनी कागदात बांधून दिला आणि मजुरी घेतली नाही.

जूनच्या एका शनिवारी मी लेकीला फोन करून सांगितलं, चल, दाखवते. ती राहते त्या बर्नाबीहून आली. होप मागे पडलं, आम्ही क्लेमवर पोचलो आणि उतारावरून खाली गेलो, तर खाली जागाच नव्हती. नदी फुगून झाडांच्या मुळांशी आली होती, गढूळ, वेगाने, ओंडके वाहून नेत. दगड नव्हता, वळण नव्हतं, काठ नव्हता. दाखवायला काही म्हणजे काही नव्हतं. मी पाण्याच्या मध्ये एक जागा बोटाने दाखवली. तिथे पाणी जरासं उसळत होतं. "तिथे," मी म्हटलं. "त्याच्या खाली माझा दगड आहे. त्याच्या मागे आम्ही खणत होतो, तुझे बाबा आणि मी. खड्डे बुजवलेत."

मी डबी उघडून मणी तिच्या तळहातावर ठेवला. पाऱ्याचं सांगितलं, अर्धं टाकून दिलं ते सांगितलं, वाटी झाली नाही ते सांगितलं. आणि मग जे सांगायला सगळ्यात जड होतं तेही सांगून टाकलं. "तुझं बरोबर होतं. आजीच्या पाटल्या कुठून आल्या ते मला माहीत नाही. पण मी त्या लग्नात घालणार आहे."

"आय नो," ती म्हणाली. "तू घाल, आई."

तिने मूठ मिटली ती गाडीपर्यंत उघडली नाही. गाडीत बसल्यावर तिने विचारलं, काळ्या मण्यांत हा मधोमध ओवायचा की एका बाजूला. मी म्हटलं, मधोमध. तिने मूठ जराशी उघडली आणि आत बघितलं.

"आई, इट्स सो टायनी." आवाज एकदम लहानपणीचा झाला होता. "व्हॉट इफ आय लूज इट? मला दिवसभर तीच भीती वाटणार. हरवला तर?"

"मग हरव," मी म्हटलं. "सप्टेंबरात पाणी उतरतं. मी आहे."